एकसष्ट नंबरची साल

औषधशास्त्राच्या त्या संस्थेत तिला सगळे बाई म्हणत. भाचा मात्र तिला उंदीरमावशी म्हणायचा, कारण मावशीचा दिवस उंदरांच्या सुजलेल्या पंजांची जाडी मोजण्यात जायचा. सूज उतरवणारं औषध वनस्पतींत शोधायचं, हे तिचं काम. त्या वनस्पती रानातून आणून द्यायचे शेजारच्या खोलीतले वनस्पतीतज्ज्ञ. उंच, जरा वाकून चालणारे, खिशात कायम पाल्याचा चुरा. संस्थेत त्यांना झाडोबा हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते आनंदाने लावूनही घेतलं होतं. दोघंही एकटी. नऊ वर्षं शेजारी शेजारी काम केलं, पण अहो-जाहोच्या पुढे गाडी कधी सरकली नाही.

एकसष्टाव्या पिशवीत एका डोंगरी झाडाची साल होती. तिचा अर्क दिला आणि तीन तासांत उंदरांची सूज निम्म्यावर आली. बाई वही घेऊन धावतच पलीकडच्या खोलीत गेली, तर झाडोबा टेबल आवरत होते. परदेशात असलेला त्यांचा थोरला भाऊ वारला होता. वहिनी आणि तीन लहान मुलं उघड्यावर पडली होती. आता तिकडेच राहणार, म्हणाले. बाईच्या ओठांवर बरंच काही आलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आणखी दोन किलो साल लागेल."

त्यांनी कागदावर नकाशा काढून दिला, झाडाला खूण केल्याचं सांगितलं आणि आठवड्याभरात गेले.

दुसरी साल आली. सूज तसूभरही हलली नाही. उन्हाळ्यातली आणली, थंडीतली आणली, बाई स्वतः डोंगर चढून त्याच खुणेच्या झाडाची घेऊन आली. उंदरांनी दाद दिली नाही. विभागप्रमुखांनी दोनदा गोडीत सांगितलं, की एकसष्टचा नाद सोडा. पाच वर्षं तिने तो सोडला नाही. झाडोबांना विचारायला तिने किती पत्रं लिहिली नि फाडली, तिचं तिलाच ठाऊक. दोन ओळी सालीबद्दल झाल्या की तिसरी भलतीकडेच जायची.

शेवटी बहीणच वैतागली. "नंबर आहे ना त्यांचा? मग त्या झाडाला काय विचारत बसलीस?"

तिने प्रश्न कागदावर लिहून फोन लावला. झाडोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, त्या दिवशी शेवटची बस सुटत होती. हाताला लागलं ते खरवडलं. धुतलं नाही की पुसलं नाही. दगडफूल होतं त्या सालीवर, शेवाळासारखं चिकटलेलं, चांगलं जाड."

त्या 'अगं'पुढचं बाईला नीट ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारावं लागलं.

नंतरची प्रत्येक साल ब्रशने घासून स्वच्छ करून घ्यायची, हा नियम तिचाच होता, दारावर तिच्याच अक्षरात लावलेला. तिने आता नुसतं दगडफूल खरवडून आणलं. अर्क काढला, आणि सूज उतरली. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. पण महिनाभर तो अर्क दिलेल्या उंदरांची यकृतं तपासली, तर ती खराब झालेली. माणसाला देण्याजोगं ते नव्हतं. दोन वर्षं तिने मात्रा कमी करून पाहिली, रेणूत बदल करून पाहिले. यकृत वाचलं की गुण जायचा. अखेर एक शोधनिबंध तेवढा छापून आला, दोघांच्या नावांनी. दोन नावं, मधे एक स्वल्पविराम. एक प्रत टपालाने त्यांना धाडली, आणि आपल्या प्रतीचं ते पहिलं पान ती बराच वेळ बघत बसली.

आता फोन करायला कारण उरलं नव्हतं. एका रविवारी दुपारी तिने तरीही केला.

"काय गं, काही अडलं का?"

"नाही," ती म्हणाली. "सहजच."

पलीकडे मुलांचा गलका चालला होता. दार लोटून घेतल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. घरासमोरच्या एका झाडाचं नाव झाडोबांना अजून सापडलं नव्हतं; त्याचं पान कसं आहे, ते सांगू लागले. तिने कागद पुढे ओढला आणि ऐकता ऐकता ते पान काढायला घेतलं.