शॉक न बसलेला वायरमन

वायरमनला तीस वर्षांत एकदाही शॉक बसला नव्हता, आणि भेटेल त्याला तो हे ऐकवायचाच. मेन स्विच बंद केलाय अशी घरमालकाने शपथ घेतली, तरी टेस्टर लावल्याशिवाय हा गडी तारेला बोट लावत नसे.

असा हा सावध महापुरुष बाहेरगावच्या कामावरून परमा हा गुप्तरोग घेऊन आला. लघवीला आग व्हायला लागली तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बायकोलाही इंजेक्शन टोचलं.

"निरोध वापरायला काय धाड भरली होती?" तिने विचारलं.

"बाई चांगल्या घरातली दिसत होती गं," तो पुटपुटला.

बायकोला रडू आलं नाही, किळस आली. म्हणे दिसत होती!

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, स्वारी लाडात येऊन तिच्याजवळ सरकली. "आता मी ठणठणीत आहे. तुझी शपथ!"

"आधी तपासणीचा कागद दाखवा. आणि त्यानंतरही निरोधाशिवाय जवळ यायचं नाही."

"नवऱ्याच्या शब्दावर विश्वास नाही?"

"घरमालक शपथ घेतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

वायरमनचा हात आपसूक खिशातल्या टेस्टरकडे गेला.