गिअरपुढचा नारळ

आमच्या ट्रकचा तिसरा गिअर पहिल्याच फेरीत पडला नाही, कारण मध्ये देव बसला होता.

माझा मेहुणा प्रकाश याने जुना दहाचाकी ट्रक घेतला. पहिली फेरी जांभ्या दगडाचे चिरे भरून नाटे गावाला. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पूजा केली, लाल फडक्यात बांधलेला नारळ डॅशबोर्डवर ठेवला आणि फेरी पुरी होईपर्यंत तो कुणी हलवायचा नाही, असं जाहीर केलं. केबिनमध्ये मधोमध आबा, खिडकीशी मी. मला ट्रकातलं काही कळतं, असा कुणाचाच समज नव्हता. तो माझा एकट्याचा होता. (आदल्या दिवशी मी डबल क्लचवर, म्हणजे गिअर बदलताना दोनदा क्लच दाबण्यावर, बरंच वाचलं होतं.)

उतार लागला. चिऱ्यांचं वजन मागून रेटत होतं. प्रकाशने चौथ्यातून दांडी काढली, क्लच सोडला, रेस दिली, पुन्हा क्लच दाबून दांडी पुढे ढकलली. ती अर्ध्यात अडली. गचक्यांनी नारळ डॅशबोर्डवरून खाली घरंगळून नेमका तिच्यापुढे येऊन रुतला होता.

ट्रक न्यूट्रलमध्ये, खाली वळण, वळणापलीकडे खाडी. ब्रेकचा जळका वास यायला लागला.

"डबल क्लच मार," मी म्हणालो.

"मारला ना, भावोजी. नारळाला क्लच नसतो."

मी नारळाकडे हात नेला. आबांनी माझं मनगट धरलं. "थांबा, जावयबापू. हलवायचा तर आधी गाऱ्हाणं घालायला हवं."

गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे तोंडी अर्ज, आणि आबांचा अर्ज कधी थोडक्यात नसतो. ग्रामदेवता झाली, मग वेशीवरचा, मग पाणवठ्यावरचा. दर वाक्याला कुणी "होय महाराजा" म्हटल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. प्रकाशचा पाय ब्रेकवर आणि दात ओठांवर. उरलो मी. (असल्या प्रकारांविरुद्ध मी कॉलेजात व्याख्यानं देतो.)

"बा देवा, ही लेकरं तुझी..."

"होय महाराजा!"

"वाक्य पुरं होऊ द्या," आबा म्हणाले आणि पुन्हा ग्रामदेवतेपासून सुरू झाले.

वळणावरचे पांढरे दगड दिसायला लागले, तेव्हा मी डोळे मिटून, हात जोडून ओरडत होतो. अखेर आबांनी नारळ उचलून माझ्या मांडीवर ठेवला. प्रकाशने जोरात रेस देऊन दांडी हाणली. ट्रक म्हशीसारखा हंबरला, थरथरला आणि वळणाच्या तोंडाशी बैलगाडीच्या चालीवर आला.

आता गावात कुठेही गाऱ्हाणं असलं की मला मुद्दाम बोलावणं येतं. आबा सांगत फिरतात, 'होय महाराजा' इतकं कळवळून म्हणणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही.