नटावरची कुंकवाची रेघ

आमच्या जीपची मूळची चाकं काळी, लोखंडी. ह्यांना ती कधीच आवडली नाहीत. त्या वर्षी धाकट्या वन्सं पहिलटकरीण होत्या. सातव्या महिन्यात त्यांना भवानीनगरहून लोणी भापकरला, माहेरी आणायचं ठरलं. ह्यांनी मनावर घेतलं, की बहीण आणायची तर चकचकीत चाकांवरूनच. आदल्या दिवशी बारामतीहून चांदीसारखी चाकं घेऊन आले. ती होती दुसऱ्याच कुठल्या गाडीची.

त्या चाकांची भोकं आमच्या जीपच्या बोल्टांशी नीट जुळत नव्हती. केसभर फरक. ह्यांनी आणि ह्यांच्या मित्रानं चाकं हलवून, लाथा मारून बसवली.

"जरा तिरकं बसलंय का रं?" मित्र म्हणाला.

"आवळलं की येतंय जाग्यावर. तू पाना धर."

मग दोघं पान्याच्या दांडीवर पाय देऊन उभे राहिले.

सासूबाईंनी माझ्या हातात ओल्या कुंकवाची वाटी दिली. गाडीला नवं काही बसवलं की त्यांच्याकडे नुसता टिळा चालत नसे. रेघ नटावरून काढून खाली चाकावर उतरवायची. "दोगं एका जागी राहत्यात," त्या म्हणायच्या. मी पदर पुढं ओढून एकेका नटावर बोट फिरवत गेले. पुढच्या चाकाच्या एका नटाखाली माझं नख शिरलं. बाकीचे नट घट्ट टेकलेले. मनात खटकलं, पण परक्या माणसासमोर बोलायला मला जमायचंच नाही.

दोघं पिंपळीपर्यंत चक्कर मारून उन्हं कलायच्या आत परत आले.

"स्टेअरिंग थरथरतंय थोडं," हे म्हणाले.

"नवी हायत, रुळतील," मित्र म्हणाला.

सासूबाई माझ्याकडं बघून हसल्या. "व्हय, आमची सूनबाई पण वरीसभर थरथरत हुती."

सगळे ओट्यावर चहाला बसले. मी कडब्याची पेंढी घेऊन जीपजवळून निघाले आणि थांबले. पुढच्या चाकावरच्या रेघा तुटल्या होत्या. नटावरची रेघ एकीकडं, चाकावरची दुसरीकडं. पोटावर हात ठेवून पुढच्या सीटवर बसलेल्या वन्सं डोळ्यांसमोर आल्या. ओट्यावर जाऊन सांगावं म्हटलं, पण तिथं ह्यांचा मित्र बसलेला.

मग मी गोठ्यामागं गेले. तिथं टेकवून ठेवलेलं जुनं काळं चाक ढकलत अंगणातून आणलं आणि जीपला लावून उभं केलं.

"वहिनी, पंक्चरचं दुकान टाकताय का काय?" मित्र ओरडला.

"अगं, ते कशाला आणलंस?" हे उठून आले.

मी बोट दाखवलं. "रेघ बघा," एवढंच निघालं तोंडातून.

हे वाकले. नट दोन बोटांत धरला, आणि तो पान्याशिवाय फिरला. ह्यांनी शेजारचाही नट फिरवून बघितला. मग मित्राला म्हणाले, "जॅक काढ. चारी चाकं उतरवायची."

दुसऱ्या दिवशी वन्सं काळ्या चाकांवरून आल्या. उतरता उतरता भावावर बरसल्या, "दादा, कुठं गेली तुझी चांदीची चाकं? सासरी सगळ्यांस्नी सांगून बसले की मी!"

"तुज्या वहिनीला इचार. तिला काळीच आवडत्यात."

मी दाराआड सरकले, पण हसू काही दाबता येईना. वन्संनी आत येऊन माझा हात धरला, आणि आधी पाणी मागितलं.

पुढं लांबच्या गावाला निघायचं असलं, की हे चाव्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. वाटी मागायला ह्यांना लाज वाटायची. नुसते खाकरायचे. मी कुंकू भिजवायला घ्यायचे.