पान पाचवर

वर्तमानपत्रात ‘पान पाचवर’ असं छापलं असेल तिथे बातमी संपत नाही, एवढंसुद्धा मला लग्नाच्या वर्षी कळत नव्हतं. पुणतांब्यात मॅट्रिक झालेली सून म्हणून तोरा मात्र केवढा!

सासऱ्यांना मोतीबिंदू, म्हणून पेपर मी वाचून दाखवायची. एकदा बातमी आली की परदेशात एक गणकयंत्र नामांकित खेळाडूशी बुद्धिबळ खेळलं आणि यंत्राने खेळाडूचा वजीर मारला. खाली ‘पान पाचवर’ छापलं होतं, तिथेच मी थांबले. मी घसा साफ करून जाहीर केलं, "मामंजी, यंत्र जिंकलं."

सासरे बुद्धिबळाच्या सोंगट्या चाचपून खेळायचे, तरी गावात कुणाकडून हरत नसत. त्यांनी डाव डब्यात भरला. "लोखंडाला जमतंय, मग आपुन कशाला डोकं शिणवायचं?" रोज खेळायला येणारे शिंपीकाका दारातून परत गेले. सासरे आठ दिवस ओट्यावर नुसते बसून. भाकरीही अर्धीच खायचे.

नवव्या दिवशी फळीवरचे डबे पुसताना खाली अंथरलेलं त्याच अंकाचं पान पाच सापडलं. वजीर गेल्यावरही त्या खेळाडूने यंत्रावर मात केली होती. हळदीचे डाग पडलेलं ते पान मी सासऱ्यांना वाचून दाखवलं आणि चूक कबूल केली.

ते म्हणाले, "रागावलो न्हाई, सूनबाई. पर शिंप्याला बोलवाया तूच जायचं. मी भिऊन खेळ सोडला म्हनून गावभर सांगत फिरतोय त्यो. त्याला म्हनायचं, मी बातमी अर्धीच वाचली, यंत्र हरलं, आता आमचे मामंजी खेळाया तयार हायेत. त्यो लई हसंल, तवा खाली मान घालून ऐकून घ्यायचं."