लखमीताईंचं वेगळं ताट

मागच्या सोमवारी सकाळी मी डहाणूच्या सरकारी दवाखान्यात बाकावर बसले होते. ओढणी तोंडावर घेऊन... कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून.

मला हिपॅटायटिस सी आहे. चार महिन्यांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात निघालं. कुठून आला, कळलं नाही. बारा आठवड्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्या दिवशी दुसरी बाटली घ्यायला गेले होते.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बाई, तुम्ही इथं?"

लखमीताई. (नाव बदललंय.) तलासरीकडच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे त्या पोरांसाठी खिचडी शिजवायच्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

त्या का गेल्या, ते मला सांगायलाच हवं. एके दिवशी त्या माझ्याकडे रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. इंग्रजीत होता, वाचून दाखवा म्हणाल्या. सगळ्या स्टाफमधून त्यांनी मलाच विचारलं, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी वाचला, हिपॅटायटिस सी निघाला होता... मोबाईलवर काहीतरी अर्धवट बघितलं आणि मधल्या सुट्टीत हेडसरांना जाऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून स्वयंपाकाला दुसरी बाई आली. लखमीताईंना मी वर सल्लाही दिला. घरी ताट-पेला वेगळा ठेवा, लहान मुलांना जवळ घेऊ नका. मला वाटलं, मी जबाबदारीने वागतेय.

आता त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. त्यांचा कोर्स कधीच संपलाय. विषाणू गेला, पण लिव्हरला थोडी इजा झालीय, म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येतात.

"मी काळजी घेते हां बाई," त्या म्हणाल्या. "ताडी बंद. गोळी एक दिवस चुकवली नाही. आणि तुम्ही सांगितल्यापासून ताट वेगळंच आहे माझं. गेल्या वर्षी नात झाली, तिला पण लांबूनच बघते."



हा आजार रक्तातून पसरतो. जेवणातून नाही, एका ताटात खाल्ल्याने नाही, पोराला कडेवर घेतल्याने नाही. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर तेवढं आपापलं ठेवायचं. हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं... आणि मी त्या संध्याकाळी मुलीच्या ताटातला वरणभात खाल्ला होता. त्यानंतरच्या चार महिन्यांत लखमीताईंची आठवण मला एकदाही आली नाही.

"तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"बोलले होते, जेवणातून काही होत नाही म्हणून. पण ते पेशंटला धीर देतात ना. तुम्ही तर बाई, शिकवता."

मी ओढणी खाली घेतली, माझी फाईल त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की मलाही तेच झालंय. डॉक्टर खरं बोलले होते, मी चुकीचं सांगितलं होतं.

त्या फाईलकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "गोळी रोज एकाच टायमाला घेता ना? आणि कावीळ समजून कोणी झाडपाला दिला तर घेऊ नका. मी घेतला होता, डॉक्टर खूप ओरडले."

मग फाईल मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. नंतर हळूच म्हणाल्या, "म्हणजे नातीला घेतली असती तर चाललं असतं..."

रविवारी मी त्यांच्या पाड्यावर गेले. त्यांच्या सुनेला दवाखान्यातलं मराठी माहितीपत्रक वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चूक तुमची होती?"

मी हो म्हटलं. तिने चहा दिला, पण त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

लखमीताईंनी नातीसाठी हात पुढे केले. दीड वर्षाची पोर आईच्या पदरामागे लपली... रडायला लागली. "सवय नाही तिला माझी," ताई म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण मला तिथे बसवेना.

मंगळवारी हेडसरांना भेटून सगळं सांगितलं. ताईंना परत कामावर घ्या, असं मी म्हटलं. त्या जागेवर आता दुसरी बाई आहे, तिचंही पोट आहे. सर बघू म्हणालेत. मी रोज विचारणार आहे.

पण त्या दिवशीही मी सरांशी फक्त ताईंबद्दल बोलले. मला तोच आजार आहे, हे सांगायला तोंड उघडलं नाही. मला कोणी वर्गातून काढणार नाही, हे माहीत असूनसुद्धा...

लखमीताईंचा आजार हेडसरांना सांगायला मला एक मधली सुट्टी पुरली होती. स्वतःचा सांगायला चार महिने लागले, तेही इथे लिहून, फोनच्या आडून. उद्या स्टाफरूममध्ये तोंडाने सांगणार आहे.