वाकळीपुरतं सुती लुगडं

दुसऱ्यांच्या अंगावरच्या कपड्यांवर माझ्या बायकोच्या आतेइतका जीव लावणारं माणूस उभ्या गोव्यात झालं नसेल. माणसं भेटल्यावर चेहरा बघतात, आते पदर बघायची. नुसता बघायची नाही, दोन बोटांत धरून चोळायची. पेडण्यातल्या एका लग्नात तिने प्रत्यक्ष विहीणबाईंचा पदर चाचपून विचारलं होतं, "गो, ह्या लुगडा जुना कदी होतला?" विहीणबाई जेवणापर्यंत रुसून बसल्या. आतेचा हेतू साधा होता. ती वाकळी शिवायची, म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून हाताने टाके घातलेली पांघरुणं. तिच्या वाकळीखाली झोपलेल्या माणसाला सकाळी उठवणं कठीण, हे मी आठ वर्षं ऑफिसात उशिरा पोचून सिद्ध केलं आहे. पण त्यासाठी कापड माणसाच्या अंगावर झिजलेलं हवं, नवं तिला चालत नसे. त्यामुळे ती मयताच्या घरी समाचाराला गेली की घरचे आधी कपड्यांची पेटी लावून घ्यायचे. रडून झाल्यावर ती हळूच विचारणार, "धोतरां सुतीच होती मगो त्यांची?"

पुढे डिचोलीकडच्या खाणींवर घरटी एक माणूस ट्रकवर लागला, हाती पैसा आला आणि घराघरांत नायलॉन शिरलं. पेडण्याहून आमच्याकडे आली की आते वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांखालून फिरायची आणि हात हलवत परतायची. "ह्या झिजना नाय, घाम पिना नाय. ह्येचा करूचा काय?" तशात भाषेचं आंदोलन पेटलं. आते कोंकणीवाल्यांच्या सभेला गेली, मराठीवाल्यांच्याही गेली, आणि दोन्हीकडचे कापडी फलक मागून आणून, आठ वेळा उकळून, त्यांची एक वाकळ केली. आम्हां भांडणाऱ्यांना ती म्हणाली, "दोनय बाजूंचा मांजरपाट एकच. शिवतना भांडाण झाला नाय." ते हसण्यावारी नेलं आम्ही. तिचं काम बंद पडत चाललंय, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, माझ्या बायकोला दिवस राहिले. तिला आई नव्हती, आतेनेच वाढवलेली. बाळाची वाकळ आपल्याच हातची असणार, हे आतेने जाहीर करून टाकलं. मांजरपाट बाळाला खरबरीत लागेल, म्हणून मऊ लुगड्यासाठी ती पेडण्यात दारोदार फिरली, आमच्या डिचोलीत फिरली, शेवटी वाळपईच्या बाजाराच्या दिवशी ओळख ना देख अशा बायकांचेही पदर चाचपून आली. बायकांनी मोठ्या मनाने नायलॉनच्या साड्या देऊ केल्या. तिने त्या हात जोडून परत केल्या. तिचे डोळेही अधू झाले होते. सुईत दोरा ओवायला ती बसमधल्या शेजारणीलाही सांगायची.

बारशाला ती वाकळ घेऊन आली. लहानशी, दुधावरच्या सायीसारखी मऊ. आणि आते झुळझुळीत निळ्या नायलॉनच्या साडीत उभी होती. तिचं ते विटक्या तांबड्या रंगाचं सुती लुगडं, जे आम्ही तिच्या अंगावर वर्षानुवर्षं पाहत आलो होतो, ते वाकळ होऊन बाळाच्या अंगाखाली होतं. तीच म्हणाली, "काय बघतात, जावयबापू? पोराक टोचूक नये. माजा काय, जाड कातडा." बायको आत जाऊन खूप रडली.

दुसऱ्याच दिवशी मी डिचोलीच्या बाजारातून तिच्यासाठी चांगलं हातमागाचं लुगडं आणलं. तिने ते चोळून पाहिलं आणि खूश झाली. "कापड बरा आसा. मऊ होवक दोन वरसां जातली," म्हणाली. तेवढी वर्षं काही तिला मिळाली नाहीत. पुढच्या चतुर्थीच्या आधीच ती गेली.

ते लुगडं आता बायको घरात नेसते. धुऊन धुऊन अलीकडे ते छान मऊ झालं आहे.