कोथिंबिरीची जुडी

आमच्या इमारतीतला कचरा न्यायला सुमनताई येतात. परवा मी ऑफिसला निघाले, तेव्हा त्या जिन्याखाली बसून आमच्याच बादलीतला कचरा हाताने निवडत होत्या. चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, शिळ्या पोळ्या, सगळं आम्ही एकत्रच टाकलेलं. त्यातून त्यांनी कोथिंबिरीची काळी पडलेली, चिकट जुडी ओढून काढली.

"ही तुमच्याकडे दर आठवड्याला असते," त्या सहज म्हणाल्या. "दोराही सोडलेला नसतो. अर्धी मागत जा ना, भाजीवाला देतो की."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. बादली दाराबाहेर ठेवली की कचरा संपला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो रोज त्यांच्या नखांत जात होता.

पर्स बाजूला ठेवून मी शेजारी बसले आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या करू लागले. घरीच विसळून ठेवायला दोन मिनिटंही लागली नसती.

"वर चला, साबणाने हात धुऊन घ्या," मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"आत्ता धुऊन काय उपयोग?" त्या उठत म्हणाल्या. "अजून दोन इमारती आहेत."